हात न पोहोचणारा प्लग

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आम्हांस लेख मागितला, तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषयही सुचविला होता. विषय थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्यावर या अंकात दोन-तीन लेख तरी येतीलच, आणि आमच्यासारख्या शाळामास्तराने त्यात भर घालावी असे नवे काही आमच्यापाशी नाही. त्यापेक्षा ट्रस्टच्या गाडीपायी आम्ही स्वतः जो एक धडा शिकलो, तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा असे वाटले. धडा आहे मोटारीच्या स्पार्क प्लगचा. त्यातही इंजिनाच्या अडचणीच्या जागी, जिथे हात धड पोहोचत नाही, अशा प्लगचा.

प्रसंग काही वर्षांपूर्वीचा. रमजानचा महिना होता. सहरीच्या सुमारास एका घरून निरोप आला की, बाळंतिणीला कळा सुरू होऊन बराच वेळ झाला, धारहून तिला तातडीने इंदूरला न्यावयाचे आहे. ट्रस्टची जुनी ओम्नी रुग्णवाहिका दारातच उभी होती. सोबतीला आम्हीही बसलो. धार ते इंदूर अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे. गाव सुटले आणि पहिल्याच चढावर गाडी धापा टाकू लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढे जाण्याऐवजी हिसके देई. तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर यावे लागे. आत ती बाई कण्हत होती, तिची सासू तसबीह ओढीत होती, आणि आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. "प्लग असतील का हो?" असे विचारताच ड्रायव्हरचाचा म्हणाले, "मास्तरसाहेब, प्लग तर गेल्याच महिन्यात बदलले. तिन्ही. पावती आहे माझ्याजवळ."

आम्ही उशिरा पोहोचलो, पण पोहोचलो. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, ही परमेश्वराची कृपा. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींनी आसन उचलून पाहिले. दोन प्लग नवे कोरे होते. तिसरा, जो चौकटीच्या आड होता आणि ज्याच्यापर्यंत हात वाकवून घालावा लागे, तो काळाठिक्कर, टोक झिजलेला, कित्येक वर्षांचा जुना निघाला. ज्याने काम केले त्याने दोन बदलले, तिसऱ्याला हात लागला नाही म्हणून सोडून दिला आणि पैसे तिन्हींचे घेतले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. कारण दोष आमचाही होता. आम्ही पावती पाहिली, जुने प्लग मागितले नाहीत.

प्लग करतो काय?

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते. ते नेमक्या क्षणी पेटले पाहिजे. ती ठिणगी देण्याचे काम प्लगचे. विजेच्या ठिणगीने इंजिन पेटविण्याची युक्ती फ्रान्समध्ये लन्वार यांनी १८६० साली आपल्या गॅस इंजिनात वापरली. पुढे १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली. आपल्याकडे बंगळूरला १९५१ साली निघालेल्या 'मायको' कंपनीचे प्लग तर जुन्या पिढीतील प्रत्येक स्कूटरवाल्याच्या परिचयाचे.

बॅटरीची वीज बारा व्होल्टची. इग्निशन कॉइल तिचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. तेवढा जोर असला तरच ती प्लगच्या टोकाशी असलेली मिलिमीटरभराची फट ओलांडते. आमच्या वर्गातील मुलांना आम्ही एक सोपे गणित घालतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक दोन फेऱ्यांमागे एका प्लगला एक ठिणगी पाडावी लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका प्लगच्या ठिणग्या मिनिटाला १,५००, म्हणजे सेकंदाला २५ झाल्या. इंदूरचा प्रवास दीड तासाचा धरला तर ५,४०० सेकंद गुणिले २५, म्हणजे एका खेपेत एका प्लगला १,३५,००० वेळा ठिणगी द्यावी लागते. आता तीन सिलिंडरांच्या गाडीत एक प्लग रुसला, तर ताकदीचा एक तृतीयांश गेला. सपाटीवर ते ध्यानात येत नाही. चढावर, भरल्या गाडीत, घाईच्या वेळी येते.

जागा अडचणीची का असते?

मारुतीची व्हॅन १९८४ साली निघाली. १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. तिची लांबी जेमतेम ३.३७ मीटर. एवढ्याशा गाडीत आठ माणसे किंवा एक स्ट्रेचर मावावे म्हणून रचनाकारांनी ७९६ घनसेंटिमीटरांचे तीन सिलिंडरी इंजिन पुढल्या आसनांच्या खाली घातले. म्हणजे जी जागा प्रवाशाला मिळाली, ती मिस्त्रीच्या हातातून काढून घेतली गेली. आज रस्त्यावर दिसणारी ईको २०१० साली आली. तिचेही इंजिन आसनाखालीच आहे. यात चूक कोणाची नाही. जागा एकाला द्यावयाची तर दुसऱ्याची घ्यावी लागते, हा घरातलाही हिशेब आहे.

आपल्या धार जिल्ह्यातील पीथमपूरचेच उदाहरण घ्या. कायनेटिक होंडा स्कूटर तेथेच तयार होत असे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून १९८४ साली ती निघाली. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. ९८ घनसेंटिमीटरांचे दोन स्ट्रोकचे इंजिन, बटण दाबताच सुरू होणारे, गिअर बदलण्याची कटकट नाही, त्यामुळे शिक्षिका व नोकरदार भगिनींना ती फार सोयीची झाली. परंतु इंजिन आवरणाआड झाकलेले असल्याने प्लगशी पोहोचण्यास वाट चिंचोळी. त्यात दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, म्हणून प्लगवर काजळी लवकर धरते. ज्याची साफसफाई वारंवार हवी, तोच प्लग लपलेला!

परदेशातही हेच. अमेरिकेत १९७५ साली शेव्हरोले मोंझा नावाच्या लहान गाडीत आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन बसविले. त्यातील एक प्लग काढावयाचा तर इंजिनाचा आधार सोडून सबंध इंजिन थोडे उचलावे लागे. ज्या गाड्यांत सहा सिलिंडरांचे इंजिन आडवे बसविलेले असते, त्यांत मागल्या रांगेचे तीन प्लग पत्र्याच्या भिंतीशी दडलेले असतात; कित्येकदा वरची हवेची नळकांडी उतरवल्यावाचून ते दिसतही नाहीत. काही गाड्यांत चाक काढून चाकाच्या कमानीतून हात घालावा लागतो. तेव्हा पहिला नियम असा की, हात पोहोचत नसेल तर जोर करू नये, वाट शोधावी. वरून नसेल तर खालून, खालून नसेल तर बाजूने. आणि आड येणारी एखादी वस्तू दोन बोल्ट सोडून बाजूला होत असेल तर ती आधी काढावी. ती काढण्यात दहा मिनिटे जातात. न काढता धडपडण्यात तास जातो आणि बोटे सोलतात.

हत्यारे

लागणारी हत्यारे थोडीच आहेत. एक, प्लगच्या मापाची लांब गोटी, जिच्या आत रबर किंवा चुंबक असते. त्याने प्लग धरून राहतो, खाली पडत नाही. जुन्या ओम्नीच्या प्लगला २०.८ मिलिमीटरची गोटी लागते, अनेक नव्या गाड्यांना १६ ची. दोन, रॅचेट. तीन, निरनिराळ्या लांबीचे दोन-तीन दांडे. चार, कोपऱ्यात वळणारा युनिव्हर्सल जॉइंट. पाच, फट मोजण्याचे फीलर गेज. सहा, वीतभर रबरी नळी, जी प्लगच्या चिनी मातीच्या टोकावर घट्ट बसेल. ही शेवटली वस्तू कोठेही मिळते आणि सगळ्यांत उपयोगी तीच पडते. सात, सायकलचा पंप. तो कशाला, ते पुढे येईल.

काम कसे करावे?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सिलिंडरचा माथा ॲल्युमिनियमचा असतो. तापलेल्या माथ्यातून प्लग ओढला तर आटे खराब होण्याचा धोका असतो, आणि हात भाजतो तो वेगळाच. चावी काढून घ्यावी, बॅटरीची ऋण तार सोडावी.

आसन उचलल्यावर प्रथम प्लगच्या भोवतालची धूळ सायकलच्या पंपाने फुंकून काढावी. आमच्या माळव्याच्या रस्त्यांवरची माती तेथे थरावर थर साचलेली असते. आधी प्लग काढला आणि मग धूळ पाहिली, तर एखादा खडा सरळ सिलिंडरात जाईल. अनेक जण हीच पायरी विसरतात.

नंतर प्लगच्या टोप्यांना रंगीत दोरा बांधून खूण करावी. तीन सिलिंडरांच्या या इंजिनात पेटण्याचा क्रम १-३-२ असा असतो. तारा उलटसुलट झाल्या तर इंजिन फाडफाड करील, किंवा सुरूच होणार नाही. टोपी काढताना तार ओढू नये; टोपीलाच धरून किंचित पिळावी आणि सरळ उपसावी. एका वेळी एकच प्लग काढावा व तो बसवूनच दुसऱ्याला हात घालावा, म्हणजे घोटाळ्याला वावच राहत नाही.

आता खरी कला. अडचणीच्या जागी सगळे हत्यार बाहेर जोडून आत नेऊ पाहाल तर ते जाणार नाही. आधी नुसती गोटी बोटांनी प्लगवर बसवावी. मग तिच्यात आखूड दांडा घालावा. त्यावर गरज असेल तर जॉइंट, आणि शेवटी रॅचेट. म्हणजे हत्यार जागेवरच बांधावयाचे. गोटी प्लगवर अगदी सरळ बसली पाहिजे. ती तिरकी झाली तर प्लगची चिनी माती तडकते. ती तड डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी तेथूनच पळ काढते. जॉइंट जितका कमी वाकेल तितका बरा.

प्लग हलत नसेल तर गंज सोडविणारे तेल दोन थेंब मुळाशी सोडावे आणि चहा पिऊन यावे. मग अष्टमांश फेरा सोडवावा, पुन्हा किंचित आवळावा, पुन्हा सोडवावा. आटे असे हळूहळू मोकळे होतात. लांब पाइप लावून जोर करणाऱ्याच्या हाती अर्धा प्लग येतो आणि अर्धा आत राहतो. मग माथाच उतरवावा लागतो आणि शे-दोनशेचे काम हजारांत जाते.

प्लग वाचावा कसा?

निघालेला प्लग फेकू नये, वाचावा. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. काळे व तेलकट असेल तर सिलिंडरात तेल चढते आहे. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे असेल तर इंजिन अति तापते आहे, किंवा प्लग चुकीच्या जातीचा आहे. प्लगचे टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान तापलेले राहिले म्हणजे काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिले तर काजळते, फार तापले तर इंजिनाला अपाय करते. म्हणून कंपनीने सांगितलेल्याच क्रमांकाचा प्लग घ्यावा. दुकानदाराच्या 'हा पण चालतो' यावर जाऊ नये.

तिन्ही प्लग ओळीने फडक्यावर ठेवून पाहावेत. एकच निराळा दिसला तर दुखणे त्याच सिलिंडरात आहे. आमच्या गाडीत एवढी पाहणी वेळेवर झाली असती, तर सहरीच्या वेळची ती धास्ती टळली असती.

नवा प्लग बसविणे

नव्या प्लगची फट मोजून घ्यावी. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ती साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. नव्या गाड्यांचा आकडा निराळा, तो पुस्तिकेत पाहावा. फट कमी-जास्त करताना बाहेरची वाकडी पट्टीच अलगद वाकवावी, मधल्या दांडीवर जोर देऊ नये. गाडी सीएनजीवर चालत असेल तर ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून तेथे प्लग अधिक वेळा तपासावे.

आता ती रबरी नळी. प्लगचे वरचे टोक नळीत खोचावे, नळी धरून प्लग भोकात उतरवावा आणि आधी किंचित उलटा फिरवावा. आटा आट्यात उतरल्याचा बारीक ठसका हाताला जाणवतो. मग सुलटा फिरवावा. आटे सरळ जुळले असतील तर प्लग लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. वाकडे जुळले तर प्लग अडतो आणि रबरी नळी हातात नुसती गोल फिरते. ती आटे मोडू देत नाही. लोखंडी पाना हे जाणत नाही, तो आटे कापीत आत घुसतो. म्हणून पहिले चार-पाच फेरे नळीनेच द्यावेत.

प्लग हाताने टेकला की गोटी लावावी. वायसर असलेला नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. तोच प्लग पुन्हा बसवीत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा बारावा हिस्सा फेरा पुष्कळ. मोजण्याचा पाना असेल तर चौदा मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या माथ्यात साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. आट्यांना तेल-ग्रीस फासू नये. त्याने घसरण वाढते आणि तेवढ्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.

शेवटी टोपी 'टक्' आवाज होईपर्यंत दाबावी, बॅटरी जोडावी, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकावे. आणि आसनाखालचे झाकण व त्याची रबरी कड नीट बसली की नाही, हे रुग्णवाहिकेत तरी दोनदा पाहावे. तेथून धूर व उष्णता आत आली तर आडव्या पडलेल्या माणसाला पळून जाता येत नाही.

एक खुलासा. पीथमपूरला ज्यांची मुले आयशर किंवा फोर्सच्या कारखान्यात आहेत ते म्हणतील, 'आमच्या ट्रकला हे लागत नाही.' बरोबर आहे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते. तेथे ठिणगीचा प्लग नसतो. थंडीत सुरू होण्यासाठी काहींत तापणारा ग्लो प्लग असतो, पण तो निराळा. मात्र हात न पोहोचणारी एखादी जागा त्या इंजिनातही असतेच.

ट्रस्टसाठी तीन नियम

त्या रात्रीनंतर गाडीच्या वहीत आम्ही तीन नियम लिहून ठेवले. सभासदांनी आपल्या घरच्या गाडीसाठीही ते पाळावेत. पहिला, जुना भाग हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्लग तीन बदलले तर जुने तीन मोजून घ्यावेत. दुसरा, प्रत्येक प्लगची तारीख व किलोमीटर वेगवेगळे लिहावेत. 'प्लग बदलले' एवढे मोघम लिहू नये. तिसरा, काम सर्वांत अडचणीच्या प्लगपासून सुरू करावे. सोपे आधी उरकले की उत्साह संपतो, संध्याकाळ होते आणि अवघड तसेच राहते. अवघड आधी केले तर सोपे कोणी सोडून जात नाही.

हा तिसरा नियम आम्ही पुढे वर्गातही लावला. पूर्वी आम्ही पहिल्या बाकापासून वह्या तपासू लागत असू, आणि घंटा होई तेव्हा शेवटचे बाक राहून जाई. आता मागच्या बाकापासून सुरुवात करतो. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचे आणि औषधपाण्याचेही असेच आहे. कचेरीच्या गल्लीतल्या घरांना मदत लवकर पोहोचते, यादी भरलेली दिसते, पावत्या जुळतात. पण गावाच्या टोकाला, जिथे जावयास वाट वाकडी आहे, तिथले एखादे घर वर्षानुवर्षे राहून गेलेले असते, आणि चढ लागेपर्यंत ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या रात्री जन्मलेली मुलगी आता शाळेत जाते. तिची आजी भेटली की हसून विचारते, "मास्तर, गाडी बरी आहे ना?" आम्ही सांगतो, "बरी आहे, आपाजान. तिसरा प्लग आम्ही आधी पाहतो."